एकट्याने गेम करताय? इंजिन असं निवडा

गेम करायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न हाच येतो: इंजिन, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर, कोणतं घ्यायचं? युनिटी, अनरिअल की गोडो? चार जणांना विचारलं तर प्रत्येक जण आपण वापरतो तेच इंजिन सांगतो, आणि त्याची कारणंही खरी असतात. पण ती त्याच्या गेमची कारणं असतात. तुमचं इंजिन ठरतं ते तुमच्या गेममध्ये सगळ्यात अवघड काय आहे यावर. तो अवघड भाग आधी ओळखायचा, दोन इंजिनांत फक्त तेवढाच करून बघायचा आणि जिथे तो कमी कटकटीत होईल तिथे थांबायचं. हा लेख नोकरी किंवा कॉलेज सांभाळून, पदरचे पैसे घालून, एकट्याने किंवा दोघा-तिघांत पहिला गेम करणाऱ्यांसाठी आहे.

पायरी १: गेम पाच ओळींत लिहून काढा

काहीही डाउनलोड करण्याआधी कागद घ्या. गेम द्विमितीय आहे की त्रिमितीय? तो कशावर खेळला जाणार: फोन, कॉम्प्युटर, ब्राउझर की कन्सोल? खेळणारा नेमकं काय करतो? पडद्यावर कोणत्या भाषेत, किती मजकूर आहे? आणि पाचवी ओळ: यातली कोणती गोष्ट कशी करायची हे तुम्हाला आज अजिबात सुचत नाही? हीच ओळ सगळ्यात कामाची.

उदाहरणादाखल आट्यापाट्यांचा गेम घेऊ. वरून दिसणारं मैदान, दोन मिनिटांचा डाव, अँड्रॉइड फोन, सगळा मजकूर मराठी. आपला खेळाडू पाट्या ओलांडून पलीकडे जाऊन परत यायला बघतो आणि पाटीवरचे गडी त्याला अडवतात. वरवर पाहता अवघड वाटतात ती मैदानाची आणि माणसांची चित्रं. खरा अवघड आहे तो पाटीवरचा गडी. त्याला आपली पाटी सोडता येत नाही, समोरच्याच्या हुलकावणीला किती फसायचं हे त्याला ठरवावं लागतं आणि उभ्या पाटीवरून सूर (ती पाटी राखणारा गडी) आला की दोघांनी मिळून कोंडी करावी लागते. गडी फार हुशार झाला तर खेळणारा वैतागतो, बावळट झाला तर दुसऱ्या डावानंतर गेम फोनमधून काढून टाकतो.

हे गणित कोणतंही इंजिन तयार देत नाही. गड्याचा वेग आणि प्रतिक्रियेला लागणारा उशीर पुन्हा पुन्हा बदलून बघावा लागणार, म्हणजे तुम्हाला हवं आहे ते आकडा बदलला की लगेच निकाल दाखवणारं हलकं इंजिन. डोळे दिपवणाऱ्या प्रकाश-सावल्या इथे उपयोगाच्या नाहीत. दुसरी अडचण मराठी मजकुराची, तिसरी स्वस्त फोनची. निम्मी निवड इथेच झाली.

याउलट अंधाऱ्या वाड्यात कंदील घेऊन फिरायचा भयपट-गेम मनात असेल तर प्रकाश हाच त्याचा जीव आहे, आणि तिथे उत्तर वेगळं येईल.

पाच ओळींत ऑनलाइन मल्टिप्लेअर आलं असेल तर पहिल्या गेमपुरतं खोडून टाका. त्याच्या अडचणी इंजिनापलीकडच्या आहेत: सर्व्हरचा महिन्याचा खर्च, फसवेगिरी आणि समोर खेळायला माणूसच नसणं. एकाच फोनवर दोघांनी खेळायचं ठेवा.

पायरी २: टेबलावरचं मशीन बघा

ही पायरी लोक टाळतात आणि मग महिनाभर वाट बघण्यात घालवतात. अनरिअल ५ साठी ते बनवणाऱ्या एपिक कंपनीची शिफारस ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डची आहे, आणि नुसतं इन्स्टॉल केलं तरी डिस्कवरचे कित्येक जीबी जातात. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते उघडेल, पण शेडर (प्रकाश-रंगाचं गणित करणारे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत चहा होऊन जाईल. युनिटी ८ जीबीवर चालते, १६ जीबी आणि एसएसडी असेल तर सुखाने चालते. गोडोचं डाउनलोड एमबीतच मोजायचं. इन्स्टॉल करावं लागत नाही, फाइल उघडली की एडिटर सुरू. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर प्रोजेक्ट तयार करताना 'कम्पॅटिबिलिटी' हा रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) निवडा, तो ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स पद्धतीवर चालतो.

बदल केल्यापासून निकाल दिसेपर्यंत दर वेळी अर्धा मिनिट गेला की माणूस प्रयोग करायचं सोडतो. 'आहे ते ठीक आहे' म्हणायला लागतो, आणि गेम तिथेच फिका पडतो. म्हणून नवा लॅपटॉप घ्यायची ऐपत नसेल तर इंजिन लॅपटॉपच्या मापाचं घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

आयफोनसाठी गेम काढायचा असेल तर इंजिन कोणतंही असो, शेवटी मॅक लागतोच. तो हाताशी नसेल तर तूर्त अँड्रॉइड आणि ब्राउझर.

पायरी ३: उमेदवारांची ओळख

गोडो मूळचं अर्जेंटिनाचं. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर या दोघांनी ते घडवलं आणि २०१४ मध्ये एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली सगळ्यांना वापरायला, बदलायला खुलं केलं. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथनसारखी दिसते, त्यामुळे कॉलेजात थोडंफार पायथन केलेल्याला ती पटकन जमते. द्विमितीय गेमसाठी आज मी नवख्याला पहिलं नाव हेच सांगेन. 'ब्रोटॅटो', 'डोम कीपर', 'बकशॉट रूलेट' हे गाजलेले गेम यावरच झालेत, आणि 'स्ले द स्पायर'च्या कर्त्यांनी दुसरा भाग युनिटी सोडून गोडोत नेला. दोन गोष्टी मात्र आधीच माहीत हव्यात. गोडो ४ मध्ये सी शार्पने लिहिलेला गेम वेबसाठी अधिकृतपणे काढता येत नाही, त्यामुळे ब्राउझर हवा असेल तर जीडीस्क्रिप्टच वापरा. आणि प्लेस्टेशन, स्विच, एक्सबॉक्स यांच्यासाठीची सोय मूळ इंजिनात नाही. कन्सोलवाल्या कंपन्यांच्या गुप्ततेच्या करारांमुळे ते काम बाहेरच्या कंपन्या पैसे घेऊन करतात.

युनिटी २००५ पासून आहे. सी शार्प भाषा, प्रचंड मोठं ॲसेट स्टोअर (तयार चित्रं, आवाज, कोड मिळण्याचं दुकान) आणि फोनसाठी गेम काढण्याचा दांडगा अनुभव. अॅडलेडच्या टीम चेरीचा 'हॉलो नाइट' आणि 'कपहेड' हे दोन्ही २०१७ चे गेम युनिटीवरचे. कोणतीही अडचण शोधा, कुणीतरी ती आधीच सोडवून ठेवलेली सापडते. पुढेमागे मोबाइल गेमच्या स्टुडिओत नोकरी करायची असेल तर युनिटी येणं सरळ उपयोगी पडतं, आणि हे कारण मला पूर्णपणे रास्त वाटतं. एकाच वेळी गेमही व्हावा आणि हाताला कामही लागावं, ही गरज बऱ्याच जणांची असते.

अनरिअल हे त्रिमितीय भव्यतेचं इंजिन. कोड न लिहिता ठोकळे जोडून तर्क मांडायची ब्लूप्रिंट ही सोय त्यात आहे, आणि चित्रकलेकडून गेमकडे आलेल्यांना ती फार मानवते. खोलात शिरायचं तर सी प्लस प्लस. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा २०२० चा गेम अनरिअलवर झाला आहे. लहान चमू अनरिअलवर किती देखणं काम करू शकतो हे बघायचं असेल तर तो खेळून बघा, आणि एकेका दालनात किती माणसांची किती मेहनत असेल याचाही विचार करा. आपल्या पाट्यांच्या गेमला मात्र हे इंजिन नको.

गेममेकर फक्त द्विमितीय कामासाठी. 'अंडरटेल' आणि 'हॉटलाइन मायामी' त्यावरचे. हौशी वापर फुकट, विकायचं असेल तर साधारण १०० डॉलरचा एकदाच घ्यायचा परवाना, कन्सोलचा हिशोब वेगळा. गोष्ट सांगणारा, संवाद आणि पर्यायांवर चालणारा गेम असेल तर थेट रेन्पाय घ्या. फुकट आहे, पायथनवर चालतो आणि पहिल्या संध्याकाळीच दोन पात्रं बोलायला लागतात.

एडिटर नसलेल्या, नुसत्या कोडने वापरायच्या चौकटीही (फ्रेमवर्क) आहेत. 'स्टारड्यू व्हॅली' एका माणसाने एक्सएनए आणि पुढे मोनोगेमवर उभा केला, २०२४ चा 'बलात्रो' लव्ह या लुआ भाषेतल्या चौकटीत लिहिला गेला, आणि 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' आधी फेझर या ब्राउझरच्या चौकटीत झाला, लोकांना आवडल्यावर मग युनिटीत नेला. ज्याला कोडचीच आवड आहे त्याच्यासाठी ही वाट छान आहे. नवख्याला मात्र मी ती सुचवणार नाही, कारण बटणापासून सगळं स्वतः बांधावं लागतं.

पायरी ४: परवाना वाचा, पैसे मिळत नसले तरी

१२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपुढे गेलेल्या गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क घेणार. आधी निघालेले गेमही त्यात येणार होते. जगभरातले लहान निर्माते संतापले. 'टेरारिया'वाल्या री-लॉजिकने गोडो आणि एफएनए या दोन्ही मुक्त प्रकल्पांना प्रत्येकी १ लाख डॉलर दिले. दहा दिवसांत युनिटीने योजना बरीच सौम्य केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती पूर्ण रद्द केली. आज युनिटीची पर्सनल आवृत्ती गेल्या १२ महिन्यांतलं उत्पन्न आणि मिळालेला निधी मिळून २ लाख डॉलरपर्यंत फुकट आहे. त्यापुढे माणशी वर्षाला २ हजार डॉलरच्या वरचा प्रो परवाना.

अनरिअलमध्ये एका गेमची एकूण विक्री १० लाख डॉलरपर्यंत जाईतो काही द्यायचं नाही, त्यावरच्या रकमेवर ५ टक्के. गोडोत कधीच काही नाही. परवान्याचा मजकूर गेमसोबत द्यायचा, बस्स.

पहिल्या गेमला २ लाख डॉलर मिळतील असं धरून कुणी निवड करू नये. म्हणजे पैशाच्या दृष्टीने आज तिन्ही तुम्हाला सारखेच. फरक आहे तो हातातलं इंजिन उद्या कुणाच्या मर्जीने बदलू शकतं यात. मला त्या एका कारणासाठी मुक्त इंजिन जवळचं वाटतं. पण ते तुमचंही कारण असलं पाहिजे असं नाही.

पायरी ५: मराठी लिहून बघा

मराठीत गेम करायचा असेल तर ही पायरी पहिल्याच दिवशी करा. इंग्रजी लिपीत एकापुढे एक अक्षर ठेवलं की शब्द झाला. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षरानंतर टाइप होऊन त्याच्या डावीकडे जाऊन बसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरांचे आकार बदलतात. हे सगळं जुळवायला इंजिनात वेगळी यंत्रणा लागते. हार्फबझ ही त्यासाठीची मुक्त लायब्ररी. ती नसेल तर 'विचार' मधली वेलांटी 'च'ला जाऊन चिकटते आणि 'प्रकाश'मध्ये पाय मोडलेला 'प' सुटा उभा राहतो.

एक ओळ लिहून ठेवा आणि प्रत्येक इंजिनात तीच चिकटवा: 'दुसऱ्या विद्यार्थ्याने श्रीमंत ज्ञानेश्वरांच्या कर्तृत्वाची तऱ्हा लिहिली.' पहिली वेलांटी, रफार, 'ऱ्य', 'ऱ्ह', 'श्र', 'ज्ञ', 'तृ', 'त्व' हे सगळं यात आहे. एक अक्षर जरी चुकलं तरी चाचणी नापास.

गोडो ४ मध्ये हार्फबझ आहे, त्यामुळे ही ओळ नीट उमटते. फक्त देवनागरी फॉन्ट जोडावा लागतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, गेममध्ये बिनदिक्कत वापरा. लेबलच्या (मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या) गुणधर्मांत भाषेचा रकाना असतो, तिथे मराठीचा संकेत टाका. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' असतील तर ते येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. अनरिअलमध्येही हार्फबझ आहे. रेन्पायच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही आलं आहे.

युनिटीत जपून. तिथे मजकुरासाठी सर्रास वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो हा घटक देवनागरी जुळवत नाही. लोक मग युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फॉन्टसारखी कसरत करतात: मजकूर आधी वेगळ्या संकेतात बदलायचा आणि तसाच फॉन्ट लावायचा. चालतं, पण शब्द शोधणं, खेळणाऱ्याने टाइप केलेलं नाव दाखवणं अशा ठिकाणी अडकतं. युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिट या मेनू-बटणं बनवायच्या साधनासाठी हार्फबझवर चालणारी नवी मजकूर-यंत्रणा आली आहे. युनिटीच घ्यायची असेल तर मेनू आणि संवाद त्यातच करता येतात का, ते आधी तपासा. गेममेकरमध्ये जोडाक्षरांची अंगभूत सोय नाही. मजकूर थोडा असेल तर चित्र म्हणून टाकता येतो, संवाद असतील तर नको.

आणखी एक बारकावा, जो इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कधीच सापडणार नाही. संवाद एकेक अक्षर करत उमटवायची पद्धत सगळ्यांना आवडते. देवनागरीत तसं केलं की 'स्त्री' उमटताना आधी 'स', मग पाय मोडलेला 'स्', मग 'स्त' असा प्रवास डोळ्यांना दिसतो आणि ओळ थरथरते. गोडोच्या लेबलमध्ये दृश्य अक्षरं आकार जुळवण्याआधी मोजायची की नंतर, असा पर्याय आहे. 'नंतर' निवडा, थरथर जाते.

पायरी ६: दोन इंजिनं, तोच तुकडा

आता दोनच उमेदवार ठेवा. पाट्यांच्या गेमसाठी ते गोडो आणि युनिटी असतील. प्रत्येकात मोजक्या संध्याकाळी घालवून तोच तुकडा करा: एक पाटी, तिच्यावर एक गडी, बोटाने हलणारा एक खेळाडू. चित्रं काढू नका, रंगीत चौकोन पुरेत. गडी शिवला की आवाज येऊ दे, गुण वाढू देत, गेम बंद करून पुन्हा उघडला तरी गुण राहू देत आणि सुरुवातीला मराठी मेनू असू दे.

आणि मग तो फोनवर चढवा. नवखे नेमकं हेच शेवटासाठी ठेवतात. युनिटी हबमध्ये अँड्रॉइडचा मॉड्यूल निवडला की लागणारी साधनं सोबतच येतात. गोडोत जावाची विकासकिट आणि अँड्रॉइडची एसडीके (अ‍ॅप बनवायची साधनं) वेगळी घेऊन त्यांचे मार्ग सेटिंग्जमध्ये स्वतः भरावे लागतात. पहिल्यांदा त्यात एखादी संध्याकाळ जाऊ शकते, ती इंजिनाच्या खात्यात मांडा, पण एकदाच. घरातला सगळ्यात साधा, जुना फोन घ्या. गेम उघडायला किती वेळ लागतो, फाइल किती मोठी झाली, पाच मिनिटांत फोन तापतो का, बोट हलवल्यावर खेळाडू मागे रेंगाळतो का, ते बघा.

कुठे अडलात ते त्याच वेळी लिहून ठेवा, आणि शेजारी लिहा की अडलं ते तुमच्या विचारात की इंजिनात. गड्याने हुलकावणीला कसं फसायचं हे सुचलं नसेल तर ते दोन्हीकडे अडणारच. पण सेव्ह फाइल कुठे ठेवायची हे शोधताना तासन्‌तास गेले असतील तर ती त्या इंजिनाची आणि तुमची कुरबुर आहे, आणि ती पुढे वाढते.

ट्युटोरियल बघताना आवृत्ती तपासा. गोडो ३ चे धडे गोडो ४ मध्ये जसेच्या तसे चालत नाहीत: 'कायनेमॅटिकबॉडी२डी'चं नाव 'कॅरेक्टरबॉडी२डी' झालं, 'यील्ड'च्या जागी 'अवेट' आलं. कोड चुकला नसतानाही लाल ओळी दिसल्या तर बहुधा हेच कारण.

दोन्ही तुकडे सारखेच जमले तर? ज्याचा एडिटर दुसऱ्या दिवशी आपणहून उघडावासा वाटला ते घ्या. एकट्याच्या कामात ही गोष्ट मी फार मोठी मानतो, कारण रात्री दहानंतर दमलेल्या माणसाला दुसरं कुणी कामाला बसवत नाही.

पायरी ७: ठरलं, आता लगेच करायची कामं

इंजिनाची आवृत्ती लिहून ठेवा आणि गेम पूर्ण होईपर्यंत तीच ठेवा. छोट्या दुरुस्त्या घ्या, मोठी उडी नको. त्याच दिवशी गिट (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) सुरू करा. गोडोचे सीन (गेमचे एकेक पडदे आणि घटक) साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, त्यामुळे काल काय बदललं ते वाचता येतं. युनिटीत प्रत्येक फाइलीसोबत तयार होणाऱ्या मेटा फाइलीही गिटमध्ये टाका. त्या राहिल्या तर दुसऱ्या मशीनवर प्रोजेक्ट उघडताच चित्रं आणि स्क्रिप्ट यांच्या जोडण्या तुटतात. लायब्ररीचं फोल्डर मात्र टाकू नका.

दुकानांचे खर्च आत्ताच माहीत असू देत: गूगल प्लेचे २५ डॉलर एकदाच, ॲपलचे ९९ डॉलर दर वर्षी, स्टीमचे १०० डॉलर प्रत्येक गेममागे. इच आयओ या लहान निर्मात्यांच्या साइटवर ब्राउझरमधला गेम फुकट चढवता येतो. पहिला तुकडा लोकांपुढे ठेवायला ती जागा उत्तम.

गूगल प्लेवर नवं वैयक्तिक खातं उघडणाऱ्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. ही १२ माणसं ऐन वेळी मिळत नाहीत. मित्र, भावंडं, ऑफिसातली मंडळी, गावाकडे खरोखर आट्यापाट्या खेळलेला एखादा काका, अशी नावं आणि त्यांचे जीमेल पत्ते आजच एका वहीत लिहायला घ्या, आणि रंगीत चौकोनांचा तो तुकडा सगळ्यात आधी त्या काकांच्या हातात द्या.